खोटी बातमी पकडता येते, चोरलेल्या खऱ्याचं काय? अमेरिकी निवडणुकीतल्या हॅकिंगची गोष्ट

१९ मार्च २०१६, शनिवार. हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारमोहिमेचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांच्या जीमेलवर एक मेल येऊन पडला. वरवर पाहता गूगलचाच. मजकूर साधारण असा: कुणीतरी तुमचा पासवर्ड वापरून लॉगिन करायचा प्रयत्न केलाय, ठिकाण युक्रेन, आम्ही ते अडवलंय, तरी पासवर्ड ताबडतोब बदला. खाली 'चेंज पासवर्ड'चं बटण.

पोडेस्टांच्या ऑफिसातल्या माणसांनी काही डोळे झाकून बटण दाबलं नाही. त्यांनी मेल आधी आयटीवाल्याला पाठवला. त्याने उत्तर दिलं की मेल 'लेजिटिमेट' म्हणजे खरा आहे, पासवर्ड लगेच बदला आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनही चालू करा. पासवर्ड बदलायची गूगलची खरीखुरी लिंकसुद्धा त्याने उत्तरात दिली होती. पुढे त्याने न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं की त्याला 'इलेजिटिमेट' लिहायचं होतं, टायपिंगची चूक झाली. ते काहीही असो, क्लिक झालं ते त्याने दिलेल्या लिंकवर नाही, तर मूळ मेलमधल्या बटणावर. ५० हजारांहून जास्त मेल चोरीला गेले.

'रशियाने अमेरिकेची निवडणूक हॅक केली' असं आपण तेव्हापासून ऐकत आलोय. ऐकून वाटतं की कुणीतरी मतदान यंत्रात घुसून आकडे फिरवले असतील. तसं झाल्याचा पुरावा अमेरिकी सिनेटच्या गुप्तचर समितीला सापडला नाही. रशियन हॅकर्सनी एका राज्याच्या निवडणूक मंडळाच्या वेबसाइटमधून सुमारे ५ लाख मतदारांची माहिती चोरली हे खरं, पण मतं बदलली नाहीत. जे झालं ते याहून साधं होतं, आणि तुमच्या-माझ्या फोनच्या जास्त जवळचं. त्यातला सगळ्यात घातक भाग तर खोटा नव्हताच. म्हणूनच तो आजही कुणाला नीट हाताळता येत नाही.

लिंक उजवीकडून वाचायची

आधी ते बटण कसं फसवत होतं ते बघू, कारण हीच युक्ती 'आज रात्री तुमची वीज कापली जाईल'वाल्या मेसेजमध्येही असते.

बटणामागे बिटलीची छोटी लिंक होती. ती उघडली की ब्राउझरमध्ये पत्ता दिसायचा: मायअकाउंट.गूगल.कॉम-सिक्युरिटीसेटिंगपेज.टीके. डावीकडून वाचलं तर 'मायअकाउंट.गूगल.कॉम' दिसतं आणि जीव भांड्यात पडतो. पण वेबसाइटचा मालक पत्त्याच्या शेवटाकडून कळतो. पहिल्या तिरक्या रेषेच्या आधी जे शेवटचे दोन तुकडे असतात, ते महत्त्वाचे. इथे ते आहेत 'कॉम-सिक्युरिटीसेटिंगपेज' आणि 'टीके'. कॉमनंतर टिंब नाही, छोटी आडवी रेघ आहे. म्हणजे गूगल हा शब्द नुसता शोभेला लावलेला. 'टीके' हे टोकेलाऊ नावाच्या पॅसिफिकमधल्या चिमुकल्या बेटांचं डोमेन, आणि ते तेव्हा फुकटात मिळायचं.

फोनवर तर पत्त्याची पट्टी इतकी अरुंद असते की असला लांबलचक पत्ता अख्खा दिसतही नाही.

हॅकर्सनी एक आळशीपणा मात्र केला. अशा हजारो लिंक त्यांनी बिटलीच्या खात्यांतून बनवल्या आणि ती खाती खासगी केली नाहीत. लिंकच्या आत ज्याला फसवायचं त्याचा ईमेल पत्ता सांकेतिक रूपात भरलेला होता. सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी तो उलगडला आणि कुणाकुणाला जाळ्यात ओढायचं होतं याची यादीच त्यांच्या हाती आली. पोडेस्टांची लिंक दोनदा क्लिक झाल्याचंही त्यात दिसलं.

सोंग वठलं नाही, तरी काम झालं

जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने रशियाच्या लष्करी गुप्तचर संस्थेच्या, म्हणजे जीआरयूच्या, १२ अधिकाऱ्यांवर आरोपपत्र दाखल केलं. युनिट २६१५५ नाही, २६१६५ आणि ७४४५५ (हे आकडे लिहिताना माझाही गोंधळ होतो). हे आरोपपत्र वाचायला एखाद्या वेब सीरिजसारखं आहे.

पोडेस्टांच्या शिवाय याच मंडळींनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या मुख्य समितीच्या, म्हणजे डीएनसीच्या, नेटवर्कमध्येही शिरकाव केला. १४ जून २०१६ ला वॉशिंग्टन पोस्टने ही घुसखोरी रशियाची असल्याची बातमी दिली. दुसऱ्याच दिवशी 'गुसिफर २.०' नावाचा एक ब्लॉगर उगवला. मी रोमानियाचा एकटा हॅकर, रशियाशी माझा संबंध नाही, असं त्याचं म्हणणं. आरोपपत्र सांगतं की त्याची पहिली पोस्ट यायच्या काही तास आधी युनिट ७४४५५ च्या मॉस्कोतल्या सर्व्हरवरून 'सम हंड्रेड शीट्स', 'इल्युमिनाटी', 'वर्ल्डवाइड नोन' असे इंग्रजी शब्दप्रयोग सर्च केले गेले. संध्याकाळी पोस्ट आली तेव्हा हेच शब्द त्यात. म्हणजे साहेब इंग्रजी तपासून घेत होते. एका पत्रकाराने मुलाखतीत रोमानियन भाषेत प्रश्न विचारले, तेव्हा या रोमानियन माणसाची रोमानियनही अडखळली.

सोंग इतकं कच्चं असूनही काम फत्ते झालं. कारण लोकांचं लक्ष पोस्टमनकडे नव्हतं, पाकिटाकडे होतं.

२२ जुलैला विकिलीक्सने डीएनसीचे सुमारे २० हजार मेल टाकले. पक्षाचं अधिवेशन २५ तारखेला सुरू व्हायचं होतं. उमेदवारीच्या शर्यतीत पक्षाने तटस्थ राहायचं असतं, पण पक्षाचे पदाधिकारी बर्नी सँडर्स यांच्याविरुद्ध आपसात काय काय बोलत होते ते या मेलमधून बाहेर आलं. सँडर्स समर्थक भडकले. पक्षाध्यक्ष डेबी वासरमन शुल्त्झ यांनी अधिवेशनाच्या तोंडावर राजीनामा जाहीर केला.

२७ जुलैला डोनाल्ड ट्रम्प यांनी पत्रकार परिषदेत रशियाला उद्देशून म्हटलं की ऐकत असाल तर हिलरींचे गायब झालेले ३० हजार मेल शोधा. ते नंतर म्हणाले, गंमत केली. पण विशेष तपास अधिकारी रॉबर्ट म्युलर यांच्या अहवालानुसार त्यानंतर साधारण पाच तासांत जीआरयूने हिलरींच्या खासगी कार्यालयाच्या ईमेल खात्यांवर पहिल्यांदा हल्ला चढवला.

मग आला ७ ऑक्टोबर. त्या एका दिवशी तीन गोष्टी झाल्या. दुपारी अमेरिकी सरकारने अधिकृतपणे सांगितलं की या हॅकिंगमागे रशियन सरकार आहे. थोड्या वेळात वॉशिंग्टन पोस्टने ट्रम्प यांचा बायकांबद्दल अश्लील बोलतानाचा जुना व्हिडिओ छापला. आणि तासाभराच्या आत विकिलीक्सने पोडेस्टांच्या मेलचा पहिला गठ्ठा सोडला. सरकारचं निवेदन कुठल्या कुठे गेलं. पुढचा महिनाभर, मतदानापर्यंत, रोज थोडे थोडे मेल येत राहिले. एकदम सगळे टाकले असते तर दोन दिवसांत विषय संपला असता. रोजचा एपिसोड असला की प्रेक्षक टिकतो, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

खऱ्या मेलमधून निघालेली खोटी गोष्ट

त्या मेलमध्ये जनतेला कळायलाच हवं असंही होतं. वॉल स्ट्रीटच्या बँकांसमोर पैसे घेऊन हिलरींनी केलेल्या भाषणांचे उतारे होते, जे त्यांनी जाहीर करायचं टाळलं होतं. सीएनएनवर दिसणाऱ्या पक्षाच्या नेत्या डोना ब्राझील यांनी कार्यक्रमातले प्रश्न हिलरींच्या गोटाला आधीच पोचवल्याचं उघड झालं आणि सीएनएनने त्यांच्याशी संबंध तोडले. ही बातमीच आहे. कुठलाही फॅक्ट चेक तिला खोटी ठरवू शकला नसता, कारण ती खोटी नव्हती.

पण त्याच ढिगात जेवणाची आमंत्रणं, रिसोट्टो कसा ढवळायचा याच्या टिप्स, असलं घरगुतीही बरंच होतं. कुणाच्याही इनबॉक्समध्ये असतं तसं. इंटरनेटवरच्या काही मंडळींनी 'पिझ्झा', 'चीज' हे शब्द म्हणजे सांकेतिक भाषा आहे असं ठरवलं आणि वॉशिंग्टनमधल्या एका पिझ्झा रेस्टॉरंटच्या तळघरात लहान मुलांना डांबून ठेवलंय अशी कथा रचली. डिसेंबर २०१६ मध्ये एक माणूस दुसऱ्या राज्यातून रायफल घेऊन मुलांची सुटका करायला तिथे आला आणि त्याने गोळ्या झाडल्या. सुदैवाने कुणी जखमी झालं नाही. त्या रेस्टॉरंटला तळघरच नव्हतं.

बघा, यात एकही मेल बनावट नव्हता. खऱ्या कागदांच्या आधारावर खोटं उभं केलं की ते जास्त भक्कम दिसतं. 'मेल खरे आहेत ना?' या प्रश्नाला 'हो' असंच उत्तर द्यावं लागतं.

आणि ती ट्रोल फॅक्टरी

हॅकिंगच्या समांतर दुसरा उद्योग सेंट पीटर्सबर्गच्या एका ऑफिसातून चालू होता. इंटरनेट रिसर्च एजन्सी. पैसा येवगेनी प्रिगोझिन यांचा, तेच ते 'पुतिन यांचे आचारी' आणि नंतर वॅग्नर सैन्यामुळे गाजलेले. सप्टेंबर २०१६ पर्यंत या प्रकल्पाचं महिन्याचं बजेट साडेबारा लाख डॉलरच्या पुढे गेलं होतं. ते सगळं अमेरिकेसाठी नव्हतं, हेही लक्षात ठेवा.

इथले कर्मचारी अमेरिकन माणसाचं सोंग घेऊन पेजेस चालवायचे. 'हार्ट ऑफ टेक्सास' हे टेक्सासच्या अभिमानाचं पेज, 'युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका' हे मुस्लिमांचं. दोन्ही रशियातून चालणारी. २१ मे २०१६ ला पहिल्या पेजने ह्यूस्टनच्या इस्लामिक केंद्रासमोर इस्लामविरोधी निदर्शनं ठेवली. दुसऱ्या पेजने त्याच जागी, त्याच वेळी, उलट बाजूची. खरे अमेरिकन आले आणि रस्त्याच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांवर ओरडले. दोन्ही कार्यक्रमांच्या फेसबुक जाहिरातींचा खर्च मिळून सुमारे २०० डॉलर.

मे महिन्यातच यांनी एका अमेरिकन माणसाला व्हाइट हाऊससमोर पाटी घेऊन उभं केलं: प्रिय बॉसला ५५ व्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. बॉस कोण ते त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं. प्रिगोझिन १ जूनला ५५ वर्षांचे झाले.

फेसबुकच्या सांगण्यानुसार या पोस्ट १२ कोटी ६० लाख लोकांच्या फीडमध्ये गेल्या असू शकतात. हा आकडा सगळीकडे छापून येतो, पण तो फसवा आहे. फीडमध्ये येणं आणि मत बदलणं यात फार अंतर असतं. २०२३ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासात ट्विटरवरच्या या मजकुराचं मोजमाप केलं गेलं. एकूण बघण्यापैकी ७० टक्के बघणं फक्त १ टक्का लोकांच्या वाट्याचं निघालं, तेही बहुतेक आधीच रिपब्लिकन पक्षाकडे पक्का कल असलेले. मतांमध्ये मोजता येईल असा फरक सापडला नाही.

मग निकाल कशाने लागला? ट्रम्प तीन राज्यांत मिळून सुमारे ७८ हजार मतांनी जिंकले. इतक्या कमी फरकाला कुठलंही एक कारण चिकटवता येतं, आणि सिद्ध कुठलंच करता येत नाही. माझं विचाराल तर मीम्सपेक्षा मेल जास्त लागले असावेत, कारण मेलच्या बातम्या टीव्हीवर महिनाभर चालल्या. पण हा अंदाज आहे.

म्युलर यांच्या २०१९ च्या अहवालाने रशियाचा हस्तक्षेप व्यापक आणि पद्धतशीर होता असं म्हटलं. ट्रम्प यांच्या मोहिमेने रशियन सरकारशी कट केला हे मात्र सिद्ध झालं नाही. दुसऱ्या बाजूचे हातही स्वच्छ नव्हते. ट्रम्प यांच्याबद्दलचं गाजलेलं 'स्टील डोसियर' हिलरींच्या मोहिमेच्या आणि पक्षाच्या पैशातून तयार झालं होतं, त्यातले मुख्य आरोप कधी सिद्ध झाले नाहीत, आणि ट्रम्प यांच्या एका माजी सल्लागारावर पाळत ठेवण्याच्या एफबीआयच्या अर्जांत १७ गंभीर चुका न्याय खात्याच्याच महानिरीक्षकांनी दाखवल्या.

दुधाने तोंड पोळलं, मग ताकही फुंकून

२०२० ची निवडणूक आली तेव्हा सगळेच घाबरलेले होते. चोरलेले कागद निवडणुकीच्या आधी बाहेर येऊ शकतात, असं एफबीआय सोशल मीडिया कंपन्यांना सांगत होती. १४ ऑक्टोबरला न्यूयॉर्क पोस्टने जो बायडेन यांचा मुलगा हंटर याच्या लॅपटॉपमधले मेल छापले. ट्विटरने ती लिंक शेअर करणंच बंद केलं, अगदी खासगी मेसेजमध्येसुद्धा. फेसबुकने तिचा प्रसार कमी केला. ५१ माजी गुप्तचर अधिकाऱ्यांनी पत्र काढलं की यात रशियन कारवाईची लक्षणं दिसतात. आमच्याकडे पुरावा नाही, हेही त्याच पत्रात होतं.

लॅपटॉप खरा निघाला. २०२४ मध्ये हंटर बायडेन यांच्यावरच्या बंदूक खरेदीच्या खटल्यात सरकारी पक्षाने तोच पुरावा म्हणून कोर्टात मांडला. लिंक अडवणं ही चूक होती असं ट्विटरच्या तेव्हाच्या प्रमुखांनी स्वतः मान्य केलं.

म्हणजे २०१६ मध्ये चोरीचा माल कुठून आला हे न विचारता वाटला गेला, आणि २०२० मध्ये जो रशियाचा नव्हता तो रशियाचा समजून दाबला गेला.

२०२४ मध्ये पुन्हा तोच पेपर आला. या वेळी इराणकडून, आणि बळी ट्रम्प यांची मोहीम. ट्रम्प यांचे जुने सहकारी रॉजर स्टोन यांचं ईमेल खातं आधी ताब्यात घेतलं गेलं आणि त्यावरून मोहिमेतल्या मोठ्या अधिकाऱ्याला जाळं टाकलं गेलं. ओळखीच्या माणसाकडून आलेली लिंक, जुनीच युक्ती. जुलैपासून 'रॉबर्ट' नावाचा कुणी पॉलिटिको, वॉशिंग्टन पोस्ट आणि न्यूयॉर्क टाइम्सला कागद पाठवत होता. त्यात उपाध्यक्षपदाचे उमेदवार जे. डी. व्हान्स यांच्या कच्च्या दुव्यांवर मोहिमेनेच बनवलेली २७१ पानी फाइल होती. तिन्ही ठिकाणच्या संपादकांनी ती छापली नाही. बातमी दिली ती हॅकिंगची. सप्टेंबरअखेर तीन इराणींवर आरोपपत्र दाखल झालं. त्याच सुमारास एका स्वतंत्र पत्रकाराने ती फाइल नेटवर टाकली, तर एक्सने त्याचं खातं काही काळ बंद केलं आणि लिंक अडवली. हे तेच एक्स, ज्याच्या नव्या मालकांनी २०२० च्या लिंकबंदीला सेन्सॉरशिप म्हटलं होतं.

संपादकांचा निर्णय मला साधारण पटतो, पण पूर्ण नाही. त्या फाइलमध्ये बहुतेक व्हान्स यांची आधीच जाहीर असलेली वक्तव्यं होती, म्हणून न छापणं सोपं गेलं. त्यात सीएनएनच्या प्रश्नांसारखं काही असतं तर? तेव्हा 'हे इराणने चोरलेलं आहे' असं पहिल्याच ओळीत लिहून तेवढा भाग छापणं मला योग्य वाटतं. आणि तेच २०१६ मध्ये फारसं झालं नव्हतं. मेलमध्ये काय आहे हे मथळ्यात असायचं, ते कुणी चोरले हे पाचव्या-सहाव्या परिच्छेदात, म्हणजे फोनवर वाचणारा जिथे सहसा पोचतच नाही तिथे.

नवे मुखवटे

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्याय खात्याने रशियाशी जोडलेले ३२ डोमेन जप्त केले. त्यात वॉशिंग्टनपोस्ट.पीएम होतं, आणि आपल्या ओळखीची शेपटी असलेलं फॉक्स-न्यूज.इनसुद्धा. मांडणी हुबेहूब खऱ्या पेपरसारखी, बातमी बनावट. वर लिंक उजवीकडून वाचायला सांगितलं ते यासाठीच.

त्याच दिवशी रशियाच्या आरटी वाहिनीच्या दोन कर्मचाऱ्यांवर आरोपपत्र आलं. टेनेसीतल्या एका कंपनीमार्फत लोकप्रिय अमेरिकन यूट्यूबर्सना व्हिडिओंसाठी पैसे दिले गेले, एकूण जवळपास १ कोटी डॉलर. 'एडुआर्ड ग्रिगोरियन' नावाचा गुंतवणूकदार पुढे केला होता, जो अस्तित्वातच नव्हता. त्याच्या नावाने आलेल्या मेलमध्ये त्याच्याच नावाचं स्पेलिंग चुकलं होतं. यूट्यूबर्स म्हणाले, आम्हाला पैसा कुणाचा ते माहीत नव्हतं.

आणि मतदानाच्या बारा दिवस आधी, २४ ऑक्टोबरला, एक व्हिडिओ पसरला: पेन्सिल्व्हेनियाच्या बक्स काउंटीत कुणीतरी ट्रम्प यांची टपाली मतं फाडतोय. स्थानिक अधिकाऱ्यांनी त्याच दिवशी तो बनावट ठरवला. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय गुप्तचर संचालकांचं कार्यालय, एफबीआय आणि सायबर सुरक्षा संस्था सिसा, या तिघांनी मिळून जाहीर केलं की तो रशियात बनलाय. २०१६ मध्ये याला काही महिने लागले होते, इथे एक दिवस.

२०२५ मध्ये या तिन्ही ठिकाणचं हे काम आवरतं घेतलं गेलं. फेब्रुवारीत एफबीआयची परकीय हस्तक्षेप शोधणारी तुकडी बरखास्त झाली आणि सिसामध्ये निवडणुकीतला अपप्रचार बघणाऱ्यांना रजेवर पाठवलं. एप्रिलमध्ये परराष्ट्र खात्यातलं असंच कार्यालय बंद झालं, ऑगस्टमध्ये गुप्तचर संचालकांनी आपल्या केंद्राला कात्री लावली. सरकारचं म्हणणं, ही कार्यालयं परक्यांच्या नावाखाली अमेरिकन लोकांचंच तोंड बंद करत होती, आणि त्यासाठी उदाहरण म्हणून हंटर बायडेनचा लॅपटॉप पुढे केला जातो. नोव्हेंबर २०२६ च्या मध्यावधी निवडणुका या बदलानंतरच्या पहिल्या देशव्यापी निवडणुका.